आधी किलोमीटर, मग काटा

जुन्या गाडीचा स्पीडोमीटर चुकतो, हे जुनी गाडी बाळगणारा प्रत्येकजण हसत हसत सांगतो. कुठल्या बाजूला चुकतो असं विचारलं की गप्प होतो. काटा जास्त दाखवत असेल तर आपण जरा सावकाश जातो, एवढंच. काटा कमी दाखवत असेल तर साठच्या भरवशावर आपण सदुसष्टने धावत असतो, आणि ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. साठऐवजी सदुसष्ट म्हणजे ते जवळजवळ सव्वापट झालं. पुढचा ट्रक थांबला की हा हिशेब कळतो.

आमची मारुती ८०० या दुसऱ्या जातीची निघाली. गाडी १९९७ची, एमपी ०४ पाटीची, ह्यांनी हौसेने घेतलेली. आता मी चालवते. भोपाळात पिपलानीपासून न्यू मार्केटपर्यंत कुणाचा काटा काय म्हणतो याने काही फरक पडत नाही, कारण तिथे वेग म्हशी आणि ई-रिक्षा ठरवतात. प्रश्न आला तो भाचा पुण्याहून त्याची नवी गाडी घेऊन आला तेव्हा. आम्ही सांचीला निघालो होतो, मी पुढे, तो मागे. कर्कवृत्ताच्या खुणेपाशी फोटोसाठी उतरलो तर म्हणाला, "मावशी, किती वर होतीस?" मी म्हटलं, साठ. त्याच्या डॅशबोर्डवर एकाहत्तर दिसत होते. सूनबाईच्या फोनमधलं जीपीएस सदुसष्ट सांगत होतं. एकच रस्ता, दोन गाड्यांत कायम तेवढंच अंतर, आणि वेग तीन.

भेलच्या ट्रान्सफॉर्मर विभागात टेस्टिंगला माझी नोकरी झाली. तीन मीटर तीन आकडे दाखवत असतील तर त्यांची सरासरी काढायची नसते. कोण का चुकतंय ते शोधायचं असतं.

गाडी घेऊन आधी नेहमीच्या उस्तादाकडे गेले. त्याने डॅशबोर्डवर बोट वाजवलं आणि म्हणाला, "मॅडम, पुरानी गाडी है, सुई थोडी नीचे चल रही है. बोलो तो निकाल के सात आगे लगा दूँ?" पाच मिनिटांचं काम, पैसेही फार नाहीत. देशभरात बहुतेक जुने मीटर असेच 'दुरुस्त' होतात. मी नको म्हटलं, आणि त्याचं कारण समजण्यासाठी मीटरच्या पोटात काय असतं ते बघावं लागेल.

गिअरबॉक्समधून एक केबल निघते. तिच्या आवरणात तारांचे थर उलटसुलट गुंडाळून केलेला एक लवचीक दांडा असतो. चाकं फिरली की तो फिरतो आणि मीटरमधल्या एका छोट्या चुंबकाला फिरवतो. चुंबकावर ॲल्युमिनियमची पातळ वाटी असते. ती चुंबकाला कुठेही टेकलेली नसते. ॲल्युमिनियमला चुंबक ओढत नाही हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, तरी चुंबक फिरला की वाटी त्याच्यामागे ओढली जाते. फिरत्या चुंबकामुळे वाटीच्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह तयार होतात, आणि त्या प्रवाहांचं स्वतःचं चुंबकत्व वाटीला चुंबकाच्या दिशेने खेचतं. तांब्याची चकती फिरवली तर जवळची चुंबकसुई हलते, हे फ्रान्समध्ये अरागोने १८२४ मध्ये दाखवलं होतं. ते का होतं हे फॅरडेच्या १८३१च्या शोधाने उलगडलं. ऑटो शुल्झे या जर्मन इंजिनिअराने १९०२ मध्ये याच तत्त्वावर स्पीडोमीटरचं पेटंट घेतलं, आणि पुढची ऐंशी-नव्वद वर्षं जगभरच्या गाड्यांचे काटे त्याच युक्तीवर हलले. आमच्या ८००चाही.

इथे मला जरा गंमत वाटते. भेलमध्ये हेच भोवरे आमचे वैरी. ट्रान्सफॉर्मरचा गाभा अखंड लोखंडाचा केला तर हे प्रवाह त्यात मोकाट फिरतात आणि विजेची उष्णता करून टाकतात. म्हणून तो कागदाच्या गठ्ठ्यासारखा, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून पातळ पत्रे एकावर एक रचून करतात. आयुष्यभर ज्यांना दाबण्यात पगार घेतला, ते माझ्याच गाडीत काटा हलवायचं काम करत होते.

तर वाटीला चुंबक ओढतो, आणि एक केसासारखी बारीक गुंडाळीची स्प्रिंग तिला मागे धरून ठेवते. मीटरवाले हिला बालकमानी म्हणतात. चुंबकाची ओढ वेगाच्या प्रमाणात वाढते, कमानीचा विरोध पिळाच्या प्रमाणात. दोन्ही बरोबरीला आले की वाटी थांबते, आणि वाटीच्या दांडीवर बसवलेला काटा तिथे वेग दाखवतो.

आता मुद्दा. किलोमीटर मोजणारे आकडे याच केबलवर चालतात, पण त्यांना ना चुंबक लागतो ना कमानी. साधे दाते आणि मळसूत्र. केबलच्या ठराविक फेऱ्या झाल्या की एक किलोमीटर पुढे. किती फेऱ्या हे कंपनीने ठरवलेलं असतं. जपानी पद्धतीच्या मीटरमध्ये किलोमीटरला ६३७ फेऱ्या, म्हणजे मिनिटाला ६३७ फेऱ्या झाल्या की काटा साठवर हवा. सुझुकीच्या घराण्यातली म्हणून मारुतीला हाच आकडा लागू. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या स्मिथ्स मीटरवर तर मैलामागे किती फेऱ्या ते तबकडीवरच बारीक अक्षरात छापलेलं असे.

तेव्हा किलोमीटरचे आकडे चुकत असतील तर दोष मीटरच्या बाहेर आहे: टायर, नाहीतर गिअरबॉक्समधलं पिनियन, म्हणजे केबल फिरवणारं छोटं दातेरी चाक. आकडे बरोबर आणि काटा चूक असेल तर दोष मीटरच्या आत. आणि आकड्यांची चूक काट्याच्या चुकीपेक्षा लहान असेल तर घोळ दोन्हीकडे आहे. म्हणून आधी किलोमीटर तपासायचे, काट्याकडे मग वळायचं. सात आकडे पुढे सरकवणाऱ्या उस्तादाला मी एवढंच म्हटलं, "भैया, पहले किलोमीटर देखेंगे."

किलोमीटर तपासायला रस्त्यावरचे दगड लागतात. राष्ट्रीय महामार्गावर पिवळ्या टोपीचे, राज्य महामार्गावर हिरव्या टोपीचे. लालघाटी, बैरागड मागे टाकून इंदूर रस्त्यावर फंद्याच्या पुढे गेलं की चौपदरी मोकळा रस्ता मिळतो. दगडांवर आंधळा विश्वास मात्र नको. जिथे गावाबाहेरून बायपास काढलाय तिथे रस्त्याची लांबी बदलते आणि एखादा किलोमीटर अकराशे मीटरचाही निघू शकतो. सरळ टप्पा निवडावा आणि एकदा फोनच्या नकाशावर अंतर ताडून घ्यावं. दहा दगडांवर भागत नाही. जुन्या मीटरचा शेवटचा आकडा हळूहळू सरकतो, त्यात अर्ध्या किलोमीटरची फसगत सहज होते. पंचवीस जाताना, पंचवीस येताना घ्यावे. सीहोरला पोहे-जिलबीही होते.

पन्नास दगड झाले तेव्हा आमचं मीटर ४७ ओलांडून ४८च्या अगदी जवळ आलं होतं. म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आसपास कमी.

शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा सोबत होता. काटा साठवर स्थिर धरायचा आणि एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत त्याने सेकंद मोजायचे. ३६००ला सेकंदांनी भागलं की ताशी वेग मिळतो. खरा साठ असेल तर एक किलोमीटरला बरोबर ६० सेकंद लागतात. आम्हाला ५४ लागले, म्हणजे वेग ६६.७. सूनबाईचा फोन खरं बोलत होता. काटा चाळीसवर धरला तर ८१ सेकंद, म्हणजे ४४ आणि थोडं. ही दुसरी मोजणी बहुतेक लोक करत नाहीत, आणि सगळी गोम तिच्यात आहे. साठला सात आणि चाळीसला साडेचार, म्हणजे चूक वेगाच्या प्रमाणात वाढते, दोन्हीकडे साधारण अकरा टक्के. काटा नुसता दांडीवर चुकीच्या जागी बसला असता तर दोन्ही वेगांना फरक सारखाच आला असता. उस्तादाने तो सात पुढे लावला असता तर साठच्या आसपास सगळं छान दिसलं असतं. पण शाळेजवळून ३३ने जाताना काट्याने ३७ दाखवले असते, आणि शंभरने जाताना ९७. हळू असताना उगाच घाबरवणारा आणि जोरात असताना धीर देणारा काटा म्हणजे आधीपेक्षा वाईट.

फोनवर हे सगळं एका दमात दिसतं, मग दगड कशाला, असं पोरगं विचारत होतं. जीपीएस वेग चांगला मोजतं. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींची कंप्रता आपल्या गतीमुळे किंचित बदलते, त्यावरून ते वेग काढतं. मोकळ्या सरळ रस्त्यावर, स्थिर वेगाला, ते आपल्या कुठल्याही जुन्या मीटरपेक्षा अचूक. पण पुलाखाली, दाट झाडीत ते अडखळतं, आणि वेग बदलत असताना आकडा क्षणभर मागे राहतो. फोन वापरा, फक्त तो शेजारच्याने बघावा. आणि किलोमीटरची तपासणी सोडू नका. फोन तुम्हाला चूक किती ते सांगेल, चूक कुठे ते सांगणार नाही.

अकरापैकी साडेचार टक्के बाहेरचे, बाकी सहा-साडेसहा आतले. बाहेरचा चोर लगेच सापडला. मागच्या वेळी टायर बदलताना दुकानदाराने "अल्टोवाले डाल दो, गाडी उठ जाएगी" म्हणून अल्टोचे टायर घातले होते. हे ८००वाल्यांत सर्रास चालतं. स्पीडब्रेकरला पोट घासत नाही, गाडी जरा रुबाबदार दिसते. ८००चा मूळ टायर १४५/७० आर १२, अल्टोचा १४५/८० आर १२. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे रुंदीच्या किती टक्के टायरची बाजू उंच आहे. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. बारा इंच म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. त्यात १४५च्या सत्तर टक्क्यांची दुप्पट मिळवली की मूळ टायरचा व्यास ५०८ मिलिमीटर, ऐंशी टक्क्यांनी अल्टोचा ५३७. चाकाचा घेर ५.७ टक्क्यांनी वाढला. एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते आणि केबलला ते कळत नाही. आमचे टायर थोडे झिजलेले होते, म्हणून ५.७चे साडेचार झाले होते. टायर झिजतो तसा त्याचा घेर कमी होतो आणि नव्या टायरपेक्षा मीटर एखाद-दोन टक्के जास्त दाखवू लागतं.

जाता जाता एक. अल्टोचे टायर घातलेले अनेकजण गाडीचं ॲव्हरेज घटल्याची तक्रार करतात. त्यातला बराच भाग पेट्रोलचा नसून मीटरचा असतो. गाडी लिटरला १७ देत असेल तर हे मीटर १६च्या आसपासच सांगणार.

गिअरबॉक्सची बाजू रस्त्यावर न जाता घरापुढेही तपासता येते. केबल मीटरच्या मागून सोडवायची, आतल्या दांड्याच्या टोकाला कागदाची झेंडी चिकटवायची, गाडी न्यूट्रलमध्ये घालून टेपने मोजलेले २० मीटर सरळ ढकलायची आणि झेंडीच्या फेऱ्या मोजायच्या. किलोमीटरला ६३७, म्हणजे वीस मीटरला पावणेतेरा. आमच्या सव्वाबारा झाल्या. दगडांनी सांगितलं होतं तेच. कॉलनीतल्या दोघा-तिघांनी मात्र गाडी बंद पडली समजून धक्का द्यायला हात लावला.

उपाय दोन. मोठेच टायर ठेवायचे असतील तर पिनियनचे दाते बदलायचे किंवा केबलच्या मध्ये प्रमाण बदलणारी छोटी गिअरची डबी बसवायची. जुन्या गाड्यांचे शौकीन तसं करतात. ८००साठी पिनियन शोधत फिरण्यापेक्षा मूळ मापाचे टायर घेणं स्वस्त पडलं. तसेही आमचे वयाने उतरले होते. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शिल्लक दिसली तरी ते आकडे वाचावेत. टायरची चूक मीटरमधल्या कमानीने झाकू नये, असं माझं ठाम मत आहे. काटा बरोबर होतो, पण किलोमीटर चुकतच राहतात, आणि ऑइल बदलण्यापासून ॲव्हरेजपर्यंत सगळे हिशेब त्या किलोमीटरवर चालतात.

आता आतला भाग. मीटर आतून का चुकतं? चुंबक वर्षानुवर्षं थोडा अशक्त होतो, ओढ कमी पडते, काटा कमी दाखवतो. कमानी शिथिल झाली की उलट, जास्त. दांडीवरचं ग्रीस वाळून घट्ट झालं तर ते वाटीला चुंबकाबरोबर ओढतं, काटा जास्त दाखवतो किंवा झटके देतो. काटा कमी वेगाला लोलकासारखा हलत असेल तर मीटर उघडूही नका, ते दुखणं केबलचं. कुठेतरी ती तीव्र वळलेली असते किंवा कोरडी पडलेली असते. दांडा बाहेर काढून पुसावा, खालच्या दोन तृतीयांश भागाला ग्रीस लावावं, वरचा भाग कोरडा ठेवावा. वरपर्यंत माखलं की ते ग्रीस फिरत फिरत मीटरमध्ये चढतं आणि वाटीची वाट लावतं. गिअरबॉक्सचं सील गेलं असेल तर ऑइलही याच वाटेने वर येतं.

जहांगीराबादकडे एका गल्लीत एक मीटरवाले बुजुर्ग बसतात. टॅक्सी-टेम्पोंचे मीटर उघडण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांना मी म्हटलं, "६३७ पे साठ चाहिए." त्यांनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि वेग बदलता येणारी ड्रिल मशीन काढली. फेऱ्या मोजणारा छोटा डिजिटल टॅकोमीटर मी घेऊनच गेले होते. ६३७ला काटा छप्पन-सत्तावन्नवर थांबला. दगडांच्या हिशेबाशी हे जुळत होतं, म्हणजे चुंबक उतरलेला. मोठ्या वर्कशॉपमध्ये अशा चुंबकाला कॉइलने पुन्हा भरतात, मुद्दाम थोडा जास्त, आणि मग उलटसुलट प्रवाह देऊन हवा तेवढा उतरवतात. इथे त्यांनी कमानीला हात घातला. कमानीचं बाहेरचं टोक एका खुंटीत अडकवलेलं असतं. ते चिमट्याने किंचित सोडलं की कमानीची काम करणारी लांबी वाढते, ती मऊ होते, आणि काटा सगळ्या वेगांना त्याच प्रमाणात पुढे जातो. खुंटीच फिरवली तर मात्र सगळीकडे सारखाच आकडा वाढतो, म्हणजे पुन्हा काटा सरकवल्याची गत. त्यांना हे कुणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं. "खूँटी घुमाना तो अनाडी का काम है," एवढंच म्हणाले. आधी जुनं ग्रीस धुऊन घड्याळाच्या तेलाचा एक थेंब दांडीला दिला, मग कमानी. ३२०ला तीस, ६३७ला साठ, ९५०ला नव्वद. किलोमीटरच्या आकड्यांना त्यांनी बोट लावलं नाही. गाडी विकायच्या आधी आकडे मागे घ्यायला येणारेही त्यांच्याकडे कमी नसतात, त्यावर ते फार बोलत नाहीत.

उन्हाळ्याचं काय, असं मी विचारलं. ॲल्युमिनियम तापलं की त्याचा विद्युतरोध अंशामागे सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो, भोवरे क्षीण होतात. जानेवारीतल्या सकाळपेक्षा मे महिन्यातल्या भोपाळच्या दुपारी बंद डॅशबोर्डच्या आत सहज तीस अंश जास्त असतात, म्हणजे बारा टक्क्यांची चूक व्हायला हवी. ती होत नाही, कारण चुंबकाला निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूची एक पट्टी लावलेली असते. थंडीत ती चुंबकत्वाचा काही भाग स्वतःकडे वळवून घेते. तापली की तिची ही ताकद घटते आणि तेवढं चुंबकत्व वाटीकडे परत जातं. मीटरवाल्यांनी ती पट्टी मला दाखवली. लोक हिला कचरा समजून काढून टाकतात, म्हणाले.

नवे टायर, नवं सेटिंग, पुन्हा इंदूर रस्ता. काटा साठवर, दगड ते दगड ६१ सेकंद. मी तेवढ्यावर थांबले. काटा खऱ्यापेक्षा एक किलोमीटर जास्त दाखवतो, आणि ते योग्य बाजूला आहे.

राहिला भाच्याच्या गाडीतला एकाहत्तरचा आकडा. ती गाडी बिघडलेली नाही. संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम युरोपासह बऱ्याच देशांत चालतो. त्याप्रमाणे मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही. जास्त दाखवला तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत चालतो. टायर नवा-जुना झाला, हवा कमी-जास्त झाली तरी नियम मोडू नये म्हणून कंपन्या मुद्दाम थोडं वर ठेवतात. सदुसष्टला एकाहत्तर या हिशेबात आरामात बसतं. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११७वा नियम स्पीडोमीटरचा आहे, आणि जुलै २०१९पासून नव्या गाड्यांत ८०च्या वर इशारा वाजतो, १२०च्या वर सतत. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. नव्या गाड्यांच्या वेगाची परीक्षा तिथे होते. ८००चं उत्पादन २०१४ मध्येच थांबलं, तिला फंद्याचे दगड पुरतात. दुसऱ्या गाडीमागे गाडी लावून आपलं मीटर तपासण्यात अर्थ नाही तो यासाठीच: नवी गाडी जवळजवळ नेहमी चढाच आकडा सांगणार.

हे मी भाच्याला फोनवर समजावलं. तो म्हणाला, "म्हणजे मी शंभर समजतो तेव्हा पंच्याण्णवच असतात?" त्याला वाईट वाटल्यासारखं झालं.